स्तनातील गाठ : सोनोग्राफीच्या रिपोर्टवर थांबू नका

स्तनात गाठ हाताला लागली की घरात एकच धास्ती बसते, कॅन्सरची. काही भगिनी लाजेने आणि भीतीने महिनोन्‌महिने कोणालाच सांगत नाहीत. काही जणींची गाठ गळू समजून फोडली जाते. जखम भरते आणि पुन्हा वाहू लागते. अशा वेळी क्वचित वेगळाच आजार असतो : स्तनाचा क्षयरोग. इंग्लंडचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये त्याचे वर्णन केले. तरीही आज तो ओळखायला उशीर होतोच.

हा आजार बहुधा २० ते ४० वयाच्या स्त्रियांत, अंगावर पाजणाऱ्या मातांतही आढळतो. या वयात स्तनाची घडण दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ नीट दिसत नाही. सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते. पू कुठे साठला आहे, काखेत गाठी आहेत का, सुई नेमकी कुठे घालायची, हे तिच्यातून कळते. आजार फासळ्यांपर्यंत पोचला आहे का, हे सीटी स्कॅन दाखवतो. पण क्षयाची गाठ या चित्रांत हुबेहूब कॅन्सरसारखी दिसू शकते. म्हणून केवळ रिपोर्टवरून स्तन काढण्याचा निर्णय होऊ नये, तसेच ‘साधे गळू’ म्हणून बाईला घरीही पाठवू नये, असे आमचे ठाम मत आहे.

सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी झालीच पाहिजे. तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी जावा. दुसरा फॉर्मॅलिन न घालता सीबीनॅट आणि कल्चरसाठी. सगळाच नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला, तर जंतू वाढवून पाहण्याची संधी जाते. नमुन्यात जंतू थोडे असतात. त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आली तरी क्षय नाहीच, असे धरू नये.

निदान पक्के झाले तर बहुतेक रुग्ण साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. सरकारी कार्यक्रमात औषधे मोफत आहेत आणि पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. मग तालुक्याच्या रुग्णालयातून नमुना योग्य प्रयोगशाळेत पोचवण्याची सोय का नसावी? ती मागणी आपण केली पाहिजे.

आणि विहारातील महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय मोकळेपणाने निघू द्या. आपल्या सुनेला, लेकीला, शेजारणीला एवढेच विचारायला शिकवू या : “डॉक्टर, नमुना टीबीसाठीही पाठवला का?”