कुणासाठी करताय हे?

बाईच्या हातात सुई, ब्रश, कात्री असं काही दिसलं, की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘कुणासाठी करताय?’ स्वेटर कुणाच्या तरी बाळाचा असणार, रांगोळी दारासाठी, मखर गणपतीसाठी, लाडू पाहुण्यांसाठी. माझ्या जेवणाच्या टेबलावर गेली काही वर्षं छोट्या मोटारगाड्या तयार होतात. खेळण्यातल्या नव्हे, खऱ्या गाडीची मापं घेऊन बेतलेल्या. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत हा उद्योग लपून राहत नाही. येणारी प्रत्येक बाई विचारते, ‘नातवासाठी का?’ नातू नाही म्हटलं की, ‘मग विकता वाटतं? कितीला जाते एक?’ तेही नाही म्हटलं की समोर जी शांतता पसरते ना, मैत्रिणींनो, त्या शांततेबद्दल मला आज थोडं भांडायचंय.

आधी हा छंद काय आहे ते सांगते. बहुतेक मोटारींची जुळणी करायची मॉडेल्स १:२४ या मापात मिळतात, म्हणजे खरी गाडी चोवीस पट लहान केलेली. आपली मारुती ८०० घ्या. ती ३३३५ मिलिमीटर लांब. भागिले चोवीस केलं की १३९ मिलिमीटर, वीतभरही नाही. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले सुटे भाग येतात. ते कापायचे, कानसायचे, रंगवायचे, जोडायचे. गोंद म्हणजे आपला फेविकॉल नव्हे. हा गोंद प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. रंगाचा एकच जाड थर दिला तर दरवाज्याच्या फटी बुजतात, म्हणून पातळ थर, मध्ये वाळायला वेळ, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने घासणं, पुन्हा थर. नंतर त्या फटीत अगदी पातळ काळसर रंग सुईच्या टोकाने टेकवायचा. तो आपल्या आपण फटीतून धावत जातो आणि मघापर्यंत सपाट दिसणाऱ्या प्लॅस्टिकला एकाएकी दार फुटतं. कितीही वेळा केलं तरी हा क्षण मला आवडतो.

खरी मजा पुढच्या बारकाव्यात. साधा शिवणाचा दोरा पाव मिलिमीटर जाड धरला, तर चोवीसपट जगात तो सहा मिलिमीटरचा दोरखंड होतो. म्हणजे इंजिनातली वायर दाखवायला दोरा चालत नाही, जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार लागते. ब्लाउजपीसवरचं सेंटिमीटरभर फूल गाडीच्या सीटवर परातीएवढं दिसतं. चिमटा, टूथपिक, मेंदीचा कोन, भरतकामाची सुई ही सगळी हत्यारं आपल्या घरात आहेतच. नेलपॉलिशचा रिमूव्हर मात्र जवळ आणू नका, त्यातल्या अॅसिटोनने हे प्लॅस्टिक विरघळतं. आणि आपल्याकडे जुलैत स्प्रेचा रंग मारायचा नाही. हवेतल्या दमटपणाने त्याच्यावर दुधाळ साय धरते. स्प्रे कधीही मारा, खिडकी उघडी, नाकावर मास्क आणि गॅस बंद.

आता कुणी म्हणेल, गाड्या म्हणजे मुलांचं काम. याचं मला खरंच हसू येतं. खिशात मावणाऱ्या ज्या मॅचबॉक्स मोटारी जगभरच्या मुलांनी गोळा केल्या, त्यांची सुरुवात एका मुलीपासून झाली असं सांगतात. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या लेकीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायला परवानगी होती. म्हणून वडिलांनी तिला इवलासा रोडरोलर बनवून दिला, आणि १९५३ साली त्यातून ती सगळी मालिका निघाली. दुसरीकडे अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ मॉडेल बनवण्याची मोठी स्पर्धा चालवली. त्यात कॉलेजच्या शिष्यवृत्त्या मिळायच्या, त्यातून पुढे कितीतरी जण मोटारींचे डिझाइनर झाले. पण प्रवेश फक्त मुलग्यांना! मुलींच्या हाताला कौशल्य नव्हतं म्हणून नव्हे, फॉर्मच त्यांच्यासाठी नव्हता. आपल्याकडे २०११ साली आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० चं डिझाइन रामकृपा अनंतन यांच्या नेतृत्वाखाली झालं, हे आपल्यापैकी किती जणींनी आपल्या मुलींना सांगितलंय?

आणि परदेशात तरी कशाला जायचं? मापात लहान वस्तू बनवण्याची परंपरा आपल्या बायकांचीच आहे. भातुकलीतला पितळी बंब, रवी, जातं आठवा. रुखवत आठवा. काड्यांचे बंगले, कापसाची तुळशीवृंदावनं, साखरेची भांडी, मण्यांची बैलगाडी. एकेका लग्नासाठी महिनामहिना खपून केलेलं हे काम मॉडेल मेकिंग नाही तर दुसरं काय आहे? फरक इतकाच, की ते सासरच्या मंडळींनी बघायचं, ‘मुलीच्या हातात कला आहे हो’ म्हणायचं, आणि मग ते माळ्यावर जायचं.

माझी आई कल्याणला पारनाक्याजवळ राहते. आता ऐंशीच्या घरात आहे. आळीत कुणाचंही लग्न ठरलं की रुखवतासाठी बोलावणं आईला. तिचा काडेपेटीच्या काड्यांचा बंगला मला अजून दिसतो. त्याचं फाटक उघडायचं, आणि दारातून आत जाईल एवढीच बाहुली ती अंगणात ठेवायची, कारण ‘माणूस दारापेक्षा उंच झालं की घर खोटं वाटतं’. मापाचा याहून चांगला धडा मला पुढे कुठे मिळाला नाही. तसे किती बंगले तिने केले असतील! भाच्यांना, शेजारणींच्या मुलींना, भावजयीच्या बहिणीला. आज तिच्या घरात त्यातली एक वस्तू नाही. एक फोटोही नाही. ‘दिलं ते दिलं,’ म्हणते. तिला खंत नाही, मला आहे.

बायकांनी आपल्या कलेचा उद्योग करू नये असं मी म्हणत नाहीये. सात जणींनी १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन गिरगावात पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्याला माझा कायमचा नमस्कार. संसाराला हातभार लावावाच लागतो अशा घरातली बाई टेबलावर प्लॅस्टिक कानसत बसणार नाही, हेही मला कळतं. पण ज्यांच्या दोन वेळच्या जेवणाची ददात नाही, अशा घरांतही नवऱ्याचं क्रिकेट हा छंद असतो, मुलाचं गिटार हा छंद असतो, आणि बाईने काही मांडलं की तो पसारा असतो. नाहीतर मग क्लास काढा, ऑर्डरी घ्या, प्रदर्शनात स्टॉल लावा! तिच्या दोन तासांचा कुणाला तरी उपयोग झालाच पाहिजे. मला हा हिशेब मान्य नाही. ‘केवढ्याला पडतं हो हे?’ असंही विचारतात. परदेशी खोकं अडीच-तीन हजारांना पडतं, मी वर्षातून एखादंच घेते. तेवढ्याच्या साडीला कुणी कधी हिशेब विचारला नव्हता.

सध्या टेबलावर प्रीमियर पद्मिनी आहे, काळी-पिवळी. तिचं खोकं माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हणून सनबोर्ड आणि कार्डपेपर कापून मुळापासून करतेय. आजच्या मुलींना खरं वाटत नाही, पण या गाड्या परक्या नाहीत. पद्मिनी कुर्ल्याला बनायची, आणि १९९० च्या दशकात त्याच प्रीमियरने प्यूजोबरोबर ३०९ ही गाडी आपल्या कल्याणच्या कारखान्यात काढली होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवलेली; वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात तीही गेली. बाळंतपणाला दवाखान्यात, सामानसुमानासकट दादर स्टेशनात, आपल्याला हिनेच तर पोचवलं. तिच्या छताला आतून फुलाफुलांचं कापड असायचं. ते दाखवायला कापड चालत नाही, सगळंच जाड पडतं. पातळ कागदावर टाचणीच्या डोक्याएवढी फुलं काढतेय. दिवसाला दहा-बारा होतात.

पावसाळ्यात आई माझ्याकडे आली होती. चष्मा पुसून बराच वेळ ती टॅक्सी बघत राहिली. मग तिनेही तेच विचारलं, ‘कुणाला द्यायचीय?’ म्हटलं, कुणालाच नाही. ती काही बोलली नाही. चहा झाला, भाजी निवडून झाली, आणि मग म्हणाली, ‘मीटर जरा वर घे. बॉनेटला चिकटलाय. ड्रायव्हरला हात बाहेर काढून पाडता यायला हवा.’

परत जाताना तिने उरलेला सनबोर्ड पिशवीत घालून नेला. कल्याण स्टेशनाबाहेरचा टांगा करतेय. हात थरथरतो, म्हणून कापायचं काम शेजारचा मुलगा करतो, मापं तिची. टांगा कुणाला द्यायचा नाही, असं तिने त्याला आधीच बजावून ठेवलंय. रोज संध्याकाळी आमचा फोन होतो. चाकाला आरे किती होते, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.