उलटवला एक, निघाले दोन!

लोहचुंबक हातात घेतलं की किती निवांत वाटतं! आत मात्र त्याचा प्रत्येक अणू स्वतःच एक चिमुकलं चुंबक असतो. याचं मूळ इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’ या गुणात आहे. एक स्पिन डळमळला की शेजारचाही डळमळतो. वाऱ्याने शेतातली कणसं डोलावीत तशी लाट पुढे जाते. फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० साली ही कल्पना मांडली. या लाटेच्या सर्वांत लहान हिश्शाला म्हणतात ‘मॅग्नॉन’.

पण अणू एकाच ओळीत असतील तर? समजा, एकाचं तोंड वर, पुढच्याचं खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मधला एक उलटवा. आता दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी त्याचं बिनसलं. पुढचे स्पिन उलटत गेले, की हे दोन बिघाड एकमेकांपासून लांब चालू लागतात. प्रत्येकाकडे मूळ बदलाचा निम्मा वाटा! हेच ‘स्पिनॉन’. फादेव आणि ताख्ताजान यांनी १९८१ मध्ये हे गणिताने दाखवलं. पुढे पोटॅशियम, तांबं आणि फ्लोरिनच्या स्फटिकावर न्यूट्रॉन सोडून त्यांच्या खुणाही सापडल्या.

चौफेर शेजारी असले, तर असं सहसा होत नाही. उलटलेल्यांची रांग वाढेल तसे बाजूचेही बिथरतात. दोन बिघाडांना दूर जाणं महाग पडतं, म्हणून ते एकत्रच राहतात.

इलेक्ट्रॉन तोच, नियमही तेच. फक्त शेजारी कमी झाले, आणि अखंड वाटणारी गोष्ट दुभंगली.