तिसऱ्या दिवसाचा पाहुणा

‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई,’ अशी आपल्याकडे म्हण आहे. सोयऱ्याधायऱ्यांपुरती ती ठीक. पण ज्याला परतायला घरच उरले नाही, त्याच्या तिसऱ्या दिवसाचे काय करायचे? निर्वासितांवरून जगभर जे वाद माजतात, त्यांचे मूळ मला या तिसऱ्या दिवसातच दिसते.

दाखल्यासाठी दूर जायला नको. सोव्हिएत रशियाने सैबेरियात हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका नि मुले, 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळीवड्याच्या छावणीत राहिले. शाळा झाली, चर्च झाले. पुढे युद्ध संपले. पण मायदेशी कम्युनिस्ट राजवट आली. पुष्कळांना तिकडे जाणे नको होते. तरी 1948 पर्यंत छावणी उठली आणि ती मंडळी देशोदेशी पांगली.

त्याच जागी फाळणीने उखडलेले सिंधी आले. तेच आजचे गांधीनगर! दिवाळीच्या कापडासाठी कोल्हापूरकरांची तिथे झुंबड उडते. त्या गर्दीत मीही धक्के खाल्ले आहेत.

जागा एकच, मग एकांची छावणी उठली आणि दुसऱ्यांची बाजारपेठ कशी झाली? सिंध्यांची मेहनत तर खरीच. पण आपल्या घटनेने त्यांना नागरिकत्वाची वाट आखून दिली होती. पोलिश मंडळी अखेरपर्यंत पाहुणीच राहिली.

आजही आपला देश 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील नाही. परकीयांविषयीचा 1946 चा कायदा जाऊन 2025 चा नवा आला. निर्वासित कोणाला म्हणावे, हे त्यातही सांगितलेले नाही. 1959 नंतर तिबेटींना आपण वसाहती दिल्या. रोहिंग्यांना परत धाडण्याचे धोरण सरकारने 2017 मध्ये जाहीर केले. ज्या त्या वेळी जे ते सरकार ठरवणार!

“मग काय, येईल त्याला घरात घ्यायचे?” असे कुणी वाचक विचारतील. मुळीच नाही. नाही म्हणण्याचा हक्क यजमानाला आहेच. पण दारात उभा आहे तो जीव वाचवायला आला की चोरीला, याची चौकशी तरी व्हायला हवी. ती कोणी करायची, किती दिवसांत करायची, निकाल मान्य नसेल तर दाद कुठे मागायची, एवढे कायद्यात लिहून ठेवायला काय हरकत आहे? दयेला लहर लागते, वाचकहो; नियमाला लागत नाही.