शिडाचे गलबत आणि आपली कलापथके

राळेगणसिद्धीच्या शिवारात उभे राहून समुद्रावरच्या शिडाच्या गलबताविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. पारनेर तालुका हा पर्जन्यछायेतला. येथे पाऊस जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. होडी हा शब्द येथल्या माणसाला अभंगातून ठाऊक असतो, व्यवहारातून नव्हे. तरीही राळेगणच्या अनुभवातून आपल्यासारख्या कार्यकर्त्यांपुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याचे एक उत्तर मला एका गाणाऱ्या गलबताच्या इतिहासात सापडले. लोकांना एखादी गोष्ट पटवावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा तो प्रश्न होय.

आधी गलबताची हकीकत. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातून वाहणारी हडसन नदी १९६० च्या दशकात शहरांच्या मैल्याने आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने नासून गेली होती. पीट सीगर हा लोकगायक त्याच नदीकाठी, बीकन या गावाजवळ, स्वतः बांधलेल्या लाकडी घरात राहत असे. १९६६ साली त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक विचित्र बेत मांडला. एकोणिसाव्या शतकात या नदीवर मालवाहतूक करणारी एका डोलकाठीची जी मोठी गलबते होती, तसे एक नवे गलबत बांधावयाचे आणि ते घेऊन गावोगाव गात जावयाचे. अनेकांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. नदी घाण झाली आहे, तर खटले भरा, मोर्चे काढा, गलबत कशाला? परंतु गाण्यांच्या कार्यक्रमांतून आणि लहानमोठ्या देणग्यांतून पैसा उभा राहिला. १७ मे १९६९ रोजी मेन राज्यातील साउथ ब्रिस्टल येथील गोदीत १०६ फूट लांबीचे हे गलबत पाण्यात उतरले. त्याचे नाव 'क्लिअरवॉटर', म्हणजे निर्मळ पाणी.

पहिल्याच सफरीत गायक हेच खलाशी झाले. किनाऱ्यावरच्या एकेका बंदरात गलबत लावावयाचे, संध्याकाळी धक्क्यावर गावयाचे, झोळी फिरवावयाची, आणि वारा मिळाला की पुढचे बंदर गाठावयाचे, असा त्यांचा क्रम होता. झोळीत जमलेला पैसा बांधणीचे कर्ज फेडण्यासाठी जाई. अशा रीतीने ते त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला पोहोचले आणि पुढे नदीत शिरले.

या गलबताचे मोठे शीड दोघाचौघांच्या बळाने वर चढत नाही. त्याच्या दोराला पुष्कळ हात लागतात. म्हणून पाहुणा म्हणून आलेला मनुष्यही दोर ओढावयास उभा राहतो. शाळेतील मुले येतात, जाळे टाकून मासे वर काढतात, पाणी तपासतात आणि मासे पुन्हा नदीत सोडतात. गलबत हे गायकांचे केवळ वाहन नव्हते. नदी ही आपली आहे, हा विचारच त्याच्या रूपाने पाण्यावर तरंगत होता. रस्त्याने मोटारीतून येऊन, तासभर गाऊन, टाळ्या घेऊन निघून गेलेल्या गायकाला हे साधले नसते. गलबताला भरतीची वाट पाहावी लागते, गावात मुक्काम करावा लागतो. मुक्काम झाला की बोलणे होते, आणि बोलण्यातून ओळख होते.

नदी गाण्याने स्वच्छ झाली, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकन काँग्रेसने १९७२ साली जलशुद्धीचा कायदा अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून संमत केला. हडसनच्या वरच्या भागातील दोन कारखान्यांतून सुमारे १९४७ पासून १९७७ पर्यंत विषारी रसायने नदीत सोडली गेली होती. तळाशी साचलेला तो गाळ उपसण्याचा सरकारी आदेश निघावयास २००२ साल उजाडले, आणि प्रत्यक्ष उपसा २००९ ते २०१५ या काळात झाला. कायदा, न्यायालय, शास्त्रज्ञ आणि चिवट संघटना या सर्वांचे ते काम. पण त्या कायद्याची आणि त्या आदेशाची मागणी करणारा, एवढी वर्षे न थकता पाठपुरावा करणारा लोकसमूह काठावर उभा कोणी केला? त्यात या गलबताचा वाटा मोठा आहे. गाण्याचे काम तेवढे, आणि तेवढे पुरेसे आहे.

सीगर डाव्या विचारांचा होता. १९४९ च्या उन्हाळ्यात याच हडसनच्या काठी, पीकस्किल या गावाजवळ पॉल रॉब्सन या थोर निग्रो गायकाचा कार्यक्रम योजला होता. २७ ऑगस्टचा कार्यक्रम जमावाने उधळला. ४ सप्टेंबरला तो पुन्हा झाला तेव्हा परतणाऱ्या गाड्यांवर दगडांचा वर्षाव झाला आणि शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. सीगरची पत्नी आणि मुले गाडीत होती. गाडीच्या काचा फुटल्या. गाडीत पडलेले दगड त्याने टाकून दिले नाहीत. आपल्या घराच्या चुलीच्या धुराड्यात ते त्याने बसविले. पुढे १९५५ मध्ये संसदीय चौकशी समितीपुढे त्याने आपल्या मतांविषयी उत्तरे देण्याचे नाकारले. त्यावरून १९६१ साली झालेली शिक्षा १९६२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने रद्द केली, तरी दूरचित्रवाणीची दारे त्याला अनेक वर्षे बंदच होती. आणि दगडफेकीनंतर वीस वर्षांनी हा मनुष्य कोणाकडे गेला? त्याच काठावरच्या माणसांकडे. ज्या गावांत त्याच्या नावाने बोटे मोडली जात, त्याच गावांच्या धक्क्याला त्याने आपले गलबत लावले आणि दोर धरावयास त्यांनाच हाक मारली. २७ जानेवारी २०१४ रोजी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो वारला, तोवर त्याचा हा क्रम सुटला नव्हता.

आता आपल्याकडे वळू. आपल्याला हे धडे परदेशातून आणावयाचे कारण नाही. सत्यशोधक जलशांनी शेतकऱ्याच्या खळ्यावर भटशाहीचा हिशेब मांडला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा वस्तीवस्तीत नेला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून गिरणगावात आणि गावोगाव दणाणले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले, राम नगरकर अशी माणसे महाराष्ट्राला दिली. १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले, ते १० मे रोजी सुटले. परंतु त्या उपोषणाआधी गुरुजी काही महिने गावोगाव हिंडले होते, हे आपण विसरतो. त्या पायपिटीने लोकमताची जमीन आधी नांगरली गेली होती.

कोकणातले दशावतारी तर याहून जुने. पेटारा डोक्यावर घेऊन, वाटेतल्या खाड्या होडीने ओलांडत, ही मंडळी एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस जात आणि देवळापुढे रात्र जागवीत. समुद्राच्या वाटेचे अवास्तव कौतुक करण्याचेही कारण नाही. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ते दुःख कोकणाने पिढ्यानपिढ्या बाळगले. पुढे मुंबई-गोवा बोटसेवा बंद पडली, १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि प्रवास सुखाचा झाला. ते चांगलेच झाले. परंतु रेल्वे आणि महामार्ग बंदरांना बाजूला टाकून गेले, आणि आपले कार्यकर्तेही त्याच वाटेने गेले. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या गावांत आपली सभा शेवटची कधी झाली, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

तेथे प्रश्न नाहीत काय? लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने दाभोळच्या खाडीतले मासे मरण्याचे प्रकार वारंवार घडले. त्या खाडीवर पोट असलेला भोई समाज वर्षानुवर्षे तक्रारी करीत आला आहे. जलप्रदूषणाचा कायदा या देशात १९७४ पासून आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार पर्ससीन जाळ्यांशी झुंजत आहेत. त्या जाळ्यांवर २०१६ साली राज्य सरकारने निर्बंध घातले. म्हणजे कायदा आहे, निर्बंध आहेत. नाही ती त्यांच्या अंमलबजावणीसाठी काठावर उभी राहणारी, एकमेकांना ओळखणारी जनशक्ती. दाभोळचा भोई आणि मालवणचा रापणकर यांचा समुद्र एक, पण त्यांची भेट कोण घडविणार? एखादे कलापथक या बंदरांतून होडीने फिरले, तर पहिली भेट तेथेच घडेल.

आणि राळेगण? १९७५ साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या पडक्या मंदिरापासून आरंभ केला. त्यानंतर श्रमदान, पाझर तलाव, नालाबांध, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आणि दारूच्या भट्ट्या बंद. दुष्काळी गाव हिरवे झाले. देशभरातून माणसे पाहावयास येऊ लागली. हे यश लहान नाही. देऊळ बांधता बांधता गाव एकत्र आले, हातांना हात लागले. क्लिअरवॉटरच्या दोरापाशी जे घडले, तेच येथे दगडमातीच्या पाटीपाशी घडले.

परंतु याच गावात दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून फटके मारले गेले, हीही गोष्ट लपलेली नाही. खुद्द अण्णांनीच ती जाहीरपणे सांगितली आहे आणि तिचे समर्थनही केले आहे. आईदेखील लेकराला मारते, असे त्यावर सांगितले जाते. समाजवादी कार्यकर्त्याने येथे थांबावे. आईची उपमा गावाला लावली की गावातला दुबळा मनुष्य कायमचा लेकरू ठरतो. फटक्याने भट्टी विझते हे खरे, पण ज्याच्या पाठीवर वळ उठला तो त्या गावाचा नागरिक राहतो की आश्रित होतो? ज्या गावाने फटक्याविना पाण्याचा थेंब अडवून दाखविला, त्या गावाला दारूड्याला पटवणेही अशक्य नव्हते. त्याला वेळ लागला असता, एवढेच. आपल्याला हा वेळ देववत नाही, हाच आपल्या सर्व चळवळींचा रोग आहे. पीकस्किलचे दगड धुराड्यात बसवून वीस वर्षे थांबण्याची तयारी नसली, की हात चाबकाकडे जातो. निदान सरकारी फतव्याकडे तरी जातो.

वास्तविक दुसरी वाट याच पारनेरच्या मातीत आहे. १८८० साली पारनेरास जन्मलेले सेनापती बापट हातात झाडू घेऊन गावाचे रस्ते स्वतः झाडीत. मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी तुरुंगात गेलेला हा मनुष्य स्वच्छतेविषयी कोणाला दम देत बसला नाही. त्याने झाडू मारला, आणि पाहणाऱ्याला लाज वाटण्याइतका अवकाश ठेवला.

आज कलापथके नाहीत असे नाही. सरकारी योजनांची प्रसिद्धी करणारी पथके मानधनावर गावोगाव जातात. जीप येते, ध्वनिक्षेपक लागतो, योजनेचे गाणे होते, सरपंचाची सही घेतली जाते, जीप पुढच्या गावी जाते. त्या कलावंतांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांना पोट आहे, आणि आपण त्यांना दुसरे काम दिलेले नाही. पण आपलीही पथके याच चालीची झाली आहेत. आपण गाणे सभेच्या आधी लावतो, ते लोक जमावेत म्हणून, आणि पुढारी आले की शाहिराला खाली बसवतो.

हे बदलावयाचे तर फार मोठा खर्च लागत नाही. पथकाने गावात किमान दोन रात्री राहावे आणि गावकऱ्यांच्या घरी जेवावे. दिवसा गावाच्या कामाला हात लावावा. मग तो बांध असो, रापण असो, वा विहिरीचा गाळ. आपले गाणे म्हणण्याआधी गावाचे ऐकावे. जात्यावरची ओवी असेल, भजन असेल, होळीचे नमन असेल. झोळीतल्या पैशाचा हिशेब त्याच रात्री फळ्यावर लिहावा. आणि जे गाव आपल्याला शिव्या देते, तेथे पुढच्या वर्षी पुन्हा जावे.

कोकणातल्या साथींनी येत्या हंगामात एक होडी भाड्याने घेऊन दाभोळ ते मालवण एवढा तरी प्रवास करून पाहावा. पावसाळा संपून समुद्र निवळला की वारा मिळेल. नगर जिल्ह्यातल्या साथींना होडी नको; त्यांची वाट राळेगणच्या नाल्यांवरच्या बांधांवरून जाते. दोन्हीकडे नियम एकच ठेवावा. गाणारा दोर ओढील, पाटी उचलील, आणि ज्याला पटलेले नाही त्याच्याशेजारी बसून जेवील.