अंजनगाव सुर्जीची संत्राबाग आणि मुंबईचं जोखीम भांडवल

फळपीक विम्यात संत्र्याची भरपाई मुख्यतः महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. 2017 पासून ‘महावेध’ प्रकल्पात ‘स्कायमेट’ने राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं उभारली. या कंपनीत मुंबईच्या ‘ओम्निव्होर’ फंडाने पैसा घातला होता. गोदरेज अ‍ॅग्रोव्हेटमध्ये काम केलेले मार्क कान यांनी जिनेश शाह यांच्यासोबत हा फंड शेती-तंत्रज्ञानासाठी सुरू केला.

असा गुंतवणूकदार अनेक नवख्या कंपन्यांत पैसा विभागून लावतो. काही बुडतात, एखादी सगळ्यांची भरपाई करते. अंजनगाव सुर्जीच्या शेतकऱ्याची बाग मात्र बहुधा एकच असते. उन्हाने फळगळ झाली, पण केंद्रावरचं तापमान ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेलं नाही, तर विमा मिळत नाही. केंद्राची नोंद अचूक असण्यावर त्याची वर्षाची कमाई टिकून आहे.