शंकेला जागा हवी, मुदतही हवी

७ डिसेंबर २०२४ रोजी महाराष्ट्राच्या नव्या विधानसभेत महाविकास आघाडीच्या बहुतेक सदस्यांनी मतदानयंत्रांविषयी संशय व्यक्त करून शपथ घेण्याचे नाकारले आणि ८ डिसेंबरला ती घेतली. शपथेवाचून सभागृहात बसता येत नाही व मतही देता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतेच. मग एका दिवसाच्या या नकाराने काय साधले? वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. मतदाराच्या मनातील प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

तो प्रश्न पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या नगर जिल्ह्यातील लोकसभेच्या दोन्ही जागा जून २०२४ मध्ये आघाडीने जिंकल्या आणि अवघ्या सहा महिन्यांत विधानसभेच्या १२ पैकी १० जागा महायुतीकडे गेल्या. कार्यकर्ता चक्रावला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु चक्रावणे हा पुरावा नव्हे. हरकत घेण्याचा हक्क निर्विवाद आहे. वाद आहे तो हरकतीचा निवाडा कोणी करावा, याविषयी.

हा निवाडा लोकप्रतिनिधींच्या हाती दिला की काय होते, हे ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेत दिसले. तेथे १८८७ च्या कायद्यानुसार दोन्ही सभागृहांतील एकेका सदस्याची लेखी हरकत निकालावर चर्चा व मतदान घडवून आणण्यास पुरेशी होती. न्यायालयांनी दावे फेटाळले होते, जमावाने संसद भवनावर हल्लाही केला होता. तरी त्याच रात्री रिपब्लिकन पक्षाच्या १४७ सदस्यांनी एका ना दुसऱ्या राज्याच्या निकालाविरुद्ध मत दिले. पुढे २०२२ च्या कायद्याने हरकतीसाठी प्रत्येक सभागृहातील एक पंचमांश सदस्यांची अट आली.

आपल्या घटनाकारांनी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा वाद कलम ७१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाकडे सोपविला. आमदार-खासदार तेथे मतदार आहेत, न्यायाधीश नाहीत. उमेदवाराखेरीज किमान २० मतदारांनी एकत्र येऊन, निकाल प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते. म्हणजे नगरच्या १२ आमदारांचे वजन २१००. पण हे सारे आणि लोकसभेचे दोन्ही खासदार एक झाले तरी भरतात १४! आक्षेप सोपा नसावा आणि अशक्यही नसावा, हा त्यामागील विचार. याच व्यवस्थेत १९७० साली राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्षीस उभे राहिले.

१९७५ मध्ये आणीबाणीतील सरकारने ३९ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान व लोकसभाध्यक्ष यांच्या निवडणुका न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढल्या. समाजवादी नेते राजनारायण यांनी जिंकलेला खटला निष्प्रभ करणे हाच त्याचा हेतू होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यातील पंतप्रधानांच्या निवडणुकीला संरक्षण देणारे कलम रद्द केले आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतिपदाचा वाद पुन्हा न्यायालयाकडे आला. न्यायालयाचे दार बंद करणारी सत्ता आणि न्यायालयाला वळसा घालणारा पराभूत पक्ष ही दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणे आहेत.

या मार्गाचे सामर्थ्य आणि उणीव या दोहोंचा अनुभव नगरने घेतला आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत यशवंतराव गडाख विजयी झाले. बाळासाहेब विखे पाटील यांनी वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटा प्रचार झाल्याचे सांगून उच्च न्यायालयात अर्ज केला. १९९३ मध्ये ती निवड रद्द ठरली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९४ मध्ये पोटनिवडणूक झाली. कायद्याने निकाल पालटू शकतो, हे सिद्ध झाले. पण तोवर पाच वर्षांच्या मुदतीतील दोन वर्षांहून अधिक काळ उलटला होता. असे अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. व्यवहारात तो कागदावरच राहतो. न्यायालयात जा, असे सांगणाऱ्यांनी न्याय मुदतीत मिळेल याची हमी घ्यावी. ती नसेल, तर त्यांचा सल्ला म्हणजे सभ्य भाषेतील टोलवाटोलवी होय.

आमची मागणी म्हणून दुहेरी आहे. सरकार व आयोगाने निवडणूक अर्जांना कालबंधन पाळण्याची व्यवस्था करावी आणि यंत्रांची पडताळणी उमेदवाराचे समाधान होईल अशी उघडपणे करावी. कार्यकर्त्यांनीही आपले घर तपासावे. प्रत्येक मतदान केंद्रावर आपला प्रतिनिधी अखेरपर्यंत बसला होता काय? केंद्राध्यक्षाच्या सहीचा मतांचा हिशेब त्याने घेतला काय, मोजणीच्या आकड्यांशी ताडून पाहिला काय? सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला यंत्रतपासणीसाठी निकालानंतर ७ दिवस मिळतात. निवडणूक अर्जाला ४५ दिवस. या मुदती सभेतील टाळ्यांसाठी थांबत नाहीत.

पराभव मान्य करणे म्हणजे अन्याय मान्य करणे नव्हे. अन्याय झाला असेल तर तो कागदाने शाबीत करावा. झाला नसेल तर लोकांपुढे पुन्हा जावे. या दोहोंपैकी एकही न करता केवळ संशय पेरीत राहिलो, तर उद्या आपण जिंकू तेव्हा आपल्या विजयावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.