तक्रारवही दवाखान्यातही हवी

गेल्या महिन्यात चिंचवडमधील एका दवाखान्यात सौभाग्यवतींना उपाशीपोटी रक्त तपासणीसाठी दोन तास ताटकळावे लागले. त्यांना मधुमेह आहे. घाम फुटला, हात थरथरू लागले. तरीही मी गप्पच राहिलो. डॉक्टर रागावले तर उपचारांत कुचराई होईल, ही भीती! बँकेत मात्र मीच ग्राहकांपुढे तक्रारवही सरकवीत असे.

आपल्याच पुणे जिल्ह्यातील खेड्यांनी ही भीती केव्हाच झुगारली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली 2007 मध्ये राज्यातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यांत पुणे होते. ग्रामस्थांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या सेवांना चांगली, बरी, वाईट असे शेरे दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारले. 2021 च्या राज्य नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनाही रुग्णहक्क सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे.

परवा मी डॉक्टरांना पत्र दिले : उपाशीपोटी येणाऱ्यांचा क्रमांक आधी लावावा. त्यांनी ते तत्काळ मान्य केले.

वाचकहो, हिशेबातील चूक दाखविणारा शत्रू नसतो. दवाखान्यातील उणीवही दाखवावी. सौम्य शब्दांत, परंतु लेखी.